कुलूपबंद घराचीही नोंद

घोटीच्या बाजारपेठेत भाताचा व्यापार करणाऱ्या पेढीवर पोत्याचे तोंड उघडून, वरची मूठ पाहून भाव बोलला जात नाही. पोत्याच्या पोटात पोकळ सळई खुपसून मधला दाणा काढला जातो, मग तळाचा. तो तळहातावर घासून पाहिला जातो आणि मगच आकडा तोंडातून बाहेर पडतो. वरचा दाणा नेहमीच चांगला असतो, हे त्या पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला लहानपणीच कळते. मुलींना ते कोणी मुद्दाम शिकवत नाही. पण ज्या घराचे माजघर आणि गोदाम एकाच भिंतीला लागून असते, तेथे मुलीही ऐकून शिकतात.

अशाच एका घरातील मुलीने वाणिज्य शाखेची पदवी घेतली. दुकानाचे जीएसटीचे विवरणपत्र भरण्यात ती तरबेज होती. पुढे एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात काही वर्षे काढील, मग योग्य स्थळ पाहून विवाह होईल, अशी घरची आखणी होती. तिने स्वीकारलेले काम मात्र घरात कोणाच्याही ऐकिवात नव्हते. तीन ते सहा वर्षे वयाची मुले घरी, अंगणवाडीत किंवा बालवाडीत काय शिकतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला इगतपुरी तालुक्यात क्षेत्रीय सर्वेक्षक हवे होते. रोजावर मानधन, प्रवासखर्च वेगळा, काम काही महिन्यांचे. वडिलांनी नेमणुकीचे पत्र वाचले, चष्मा काढून ठेवला आणि एवढेच म्हटले, "एवढं शिकवलं, ते लोकांची पोरं मोजायला?" दादी मात्र माळेवरचे बोट न हलवता म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. दुकानात बसून तरी काय करते? आकडेच मोजते ना?"

वडिलांचा प्रश्न रागातून आला असला, तरी गैरलागू नव्हता. चार वर्षांच्या मुलाचे मोजायचे तरी काय? त्याला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, परीक्षेला बसवता येत नाही. तरीही या वयाची मोजदाद आता जगभर होते. आपल्याकडे तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘असर’ हा शिक्षणाच्या स्थितीचा अहवाल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बालवाड्यांपासून कामाला सुरुवात करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ मध्ये तो सुरू केला. ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे निवडायची, प्रत्येक गावातून २० घरे, म्हणजे जिल्ह्यात ६०० घरे. शाळेत न जाता घरी जाऊन मुलाला समोर बसवायचे आणि साधा उतारा वाचता येतो का, वजाबाकी येते का, ते पाहायचे. हा क्रम मोठ्या मुलांचा. २०१९ मध्ये याच मंडळींनी लहानग्यांकडे मोर्चा वळवला. २४ राज्यांतील २६ जिल्हे, १,५१४ गावे आणि चार ते आठ वर्षे वयाची ३६,९३० मुले त्यांनी पाहिली. रंगांप्रमाणे वस्तू वेगळ्या करणे, चित्राचे चार तुकडे जुळवणे, वस्तू मोजणे, चित्रात काय चालले आहे ते सांगणे, रडका चेहरा कोणता आणि रागावलेला कोणता हे ओळखणे, अशी ती कामे होती.

घोटीच्या या मुलीची संस्था निराळी होती, पण पद्धत त्याच घराण्यातील. प्रशिक्षणाहून परतल्यावर तिने ती रात्री वडिलांना समजावून सांगितली. गावात गेल्यावर प्रथम गावाचा नकाशा काढायचा. ग्रामपंचायतीने दिलेला नको, स्वतः पायी फिरून काढलेला. वाड्या, पाडे, ओढा, देऊळ, सर्व काही त्यात आले पाहिजे. मग गावाचे चार भाग करायचे. प्रत्येक भागाच्या मध्यावर उभे राहून डाव्या हाताने चालायला लागायचे आणि दर पाचवे घर घ्यायचे. दार चांगले दिसते म्हणून घ्यायचे नाही, कुत्रे भुंकते म्हणून सोडायचे नाही. कोणती गावे हेसुद्धा संस्था मनाने ठरवत नाही. जनगणनेच्या यादीतून ती सोडतीने निघतात.

वडिलांनी ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे तळाचा दाणा काढायचा." त्या रात्रीनंतर पोरे मोजण्याचा विषय त्यांनी काढला नाही. पसंती दिली, असेही नाही.

इगतपुरी तालुक्यात तळाचा दाणा काढणे किती अवघड आहे, हे मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्याला दिसत नाही. महामार्गावर उपाहारगृहे, विश्रामगृहे आणि मुंबईकरांचे बंगले आहेत. आत वळले की वाड्या सुरू होतात. एका ग्रामपंचायतीच्या पाच-सहा वाड्या, आणि त्याही एकमेकींपासून ओढे-टेकड्यांनी तोडलेल्या. त्रिंगलवाडीच्या पायथ्याचे जैन लेणे पाहायला जाणाऱ्या कुटुंबांना त्या बाजूच्या रस्त्याचा थोडा अंदाज असेल. कळसूबाईच्या उत्तरेकडील वाड्यांचा तो नसेल. पावसाळ्यात येथे धुके इतके खाली उतरते की दहा पावलांवरचे घर दिसत नाही, मग पाचवे घर कोणते हे दोनदा मोजावे लागते. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही वस्ती. भाताच्या आवणीच्या दिवसांत सकाळी सातनंतर घरात कोणी सापडत नाही. आई-वडील खाचरात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर. सर्वेक्षकाला मग बांधावर जावे लागते आणि चित्रांची कार्डे प्लास्टिकच्या पिशवीत धरून दाखवावी लागतात.

अशा मुलांसाठी शाळा कशी असावी, याचा विचार महाराष्ट्रात फार पूर्वी झालेला आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरात बालशिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून दोघींचे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द त्या खटपटीतून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हापासून अंगणवाडी देशभर पोहोचली. खिचडी, लसीकरण, वजन यांच्या नोंदवह्या तेथे पहिल्यापासून असतात. मुलाला गोष्ट ऐकून ती सांगता येते का, याची वही नव्हती. ती वही आता कोठे लिहिली जात आहे, आणि ती लिहिणारे हात रोजंदारीचे आहेत.

त्या हातांना काय काय सांभाळावे लागते, हे सांगण्यासारखे आहे.

मूल एकटे कधीच नसते. कार्ड बाहेर काढले की शेजारची सात-आठ मुले, दोन आज्या आणि एखादा काका भोवती जमतो. "सांग की रं, वाघ हाय त्यो!" असे कोणीतरी ओरडते आणि उत्तर वाया जाते. यावर उपाय असा, की दोघांच्या जोडीने जायचे. एकाने गर्दीला वेगळी कार्डे देऊन खेळात गुंतवायचे, दुसऱ्याने मुलासमोर जमिनीवर बसायचे. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही, कारण खुर्चीवर बसलेल्या माणसाशी चार वर्षांचे मूल बोलत नाही. स्वच्छ चादर अंथरली जाण्याची वाट पाहायची नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसणे घोटीच्या शेठजींच्या मुलीला आठ दिवसांत जमले. आठ दिवसांत जमले नाही ते दुसरेच.

शिकवायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. मुलीसमोर पाच खडे ठेवले, ती "एक, दोन, चार" म्हणाली, की सर्वेक्षकाने मान डोलवायची नाही, कपाळाला आठी घालायची नाही, "पुन्हा बघ बरं" असेही म्हणायचे नाही. ठरलेले वाक्य एकदा, फार तर दोनदा उच्चारायचे आणि जे येईल ते लिहायचे. एका वाडीत एक मुलगी चार तुकड्यांच्या चित्रातील तीन तुकडे जुळवून बसली होती. चौथा उलटा धरला होता, आणि ती डोळे वर करून समोरच्या ताईकडे पाहत होती. तुकडा नुसता बोटाने फिरवला असता, तर काम झाले असते. वेळ संपली. ताईने ‘अपूर्ण’ लिहिले. त्या संध्याकाळी घरी तिने जेवण टाळले, तेव्हा भाभींना वाटले प्रकृती बिघडली. ज्यांच्या घरात पाखराला दाणे टाकल्याशिवाय सकाळ होत नाही, त्या घरातील मुलीला समोरच्या लेकराला मदत न करता उठून यायला सांगणे ही साधी अट नव्हे. पण त्या दिवशी तुकडा फिरवला असता, तर त्या वाडीत चित्र जुळवता येते असा आकडा वर गेला असता, आणि ज्या अंगणवाडीत एकही चित्रकोडे नव्हते, तेथे ते पाठवण्याचे कारणच उरले नसते.

दुसरा प्रसंग भाषेचा आहे. एका कार्डावर पावसात भिजणारा मुलगा होता. त्याला काय पाहिजे, असा प्रश्न. मार्गदर्शिकेत बरोबर उत्तरे दोन दिलेली: छत्री आणि रेनकोट. चार वर्षांची एक मुलगी आईच्या पदराआडून म्हणाली, "इरलं." पाठीवर इरले घेऊन आवणी करणाऱ्या बायका तिने जन्मापासून पाहिलेल्या, छत्री घेऊन खाचरात कोणी उतरत नाही. टॅबवर ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोनच चौकोन होते. सर्वेक्षिकेने दोन्ही रिकामे ठेवले आणि शेऱ्यात तो शब्द जसाच्या तसा लिहिला. संध्याकाळी पर्यवेक्षकांचा फोन आला. रिकामा चौकोन प्रणाली स्वीकारत नाही, काहीतरी भरा. ती म्हणाली, सर, तुम्ही इरले पाहिले आहे का? त्यांनी पाहिले नव्हते. पुढच्या आठवड्यात सूचना आली, की पावसापासून अंग झाकणारी कोणतीही वस्तू बरोबर धरावी. एका शब्दाची ही दुरुस्ती झाली नसती, तर तालुक्यातील किती मुले मंद ठरली असती, याचा विचार करावा.

काम सोपे करणारी माणसेही असतात. एका जोडीने वडाखाली बसून चार घरांची माहिती एका दुपारी भरली. ते उघडकीला यायला फार दिवस लागले नाहीत. अशा प्रत्येक अभ्यासात काही घरे दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासली जातात. शिवाय चारही मुलांचे गुण अगदी सारखे होते आणि कोणतेही मूल मध्येच रडले, झोपले किंवा लघवीला गेले नव्हते. बँकेच्या तपासनिसांना हे चांगले ठाऊक असते: बनावट व्हाउचर बहुधा खऱ्यापेक्षा स्वच्छ असते.

तथापि, सर्वांत कठीण दिवस खोट्या माहितीचा नव्हता. एका घरी दारातील बाईने तिला ओळखले. "शेटची पोर ना तू?" त्या घराचे खाते पेढीवर होते. पावसाळ्याच्या तोंडावर किराणा उधारीवर जायचा आणि भात निघाला की फिटायचा. सर्वेक्षिकेने नियमाप्रमाणे संमतिपत्र वाचून दाखवले. भाग घेणे ऐच्छिक आहे, नाही म्हटले तरी चालेल, केव्हाही थांबता येईल. बाईने विचारले, "याच्यातून आमाला काय मिळंल?" याचे उत्तर ठरलेले असते आणि ते द्यायला जड जाते: तुम्हाला थेट काही मिळणार नाही. ते ऐकूनही बाई हसली. "आता तुला कसं नाय म्हनू?" आणि अंगठा लावायला हात पुढे केला.

मुलीने टॅब बंद केला. तिने जोडीदाराला हाक मारली, हे घर तू कर असे सांगितले आणि स्वतः पलीकडच्या गल्लीत जाऊन बसली. जोडीदाराने पहिल्यापासून सर्व वाचले. बाईने त्याला शांतपणे नकार दिला. घरधनी गावाला गेलेत, पोराचे काही लिहून द्यायचे नाही. नोंद झाली, ‘नकार’.

रात्री वडिलांना हे कळले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उधारीच्या वहीत माणसाची किती बाजू मावते आणि किती वहीबाहेर राहते, हे व्यापाऱ्याला ठाऊक नसते असे नाही. पण त्यावर कोणी बोट ठेवत नाही. शेवटी ते म्हणाले, "दुकानात हे कोणाला सांगू नकोस." दुसऱ्या दिवशी त्या घराचा किराणा नेहमीप्रमाणे बांधला गेला.

दिवाळीनंतर कामाची दुसरी फेरी सुरू झाली, तेव्हा वाड्यांतील अनेक दारांना कुलपे होती. भात निघाला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुले बरोबर जातात, अंगणवाडीच्या पटावर नावे मात्र तशीच राहतात. कुलूप असलेले घरही नकाशावर मोजावे लागते, त्याचा क्रमांक लिहावा लागतो आणि मग पुढच्या घराकडे वळावे लागते. वडिलांना हे पटले नाही. बंद घर कशाला लिहायचे? मुलगी म्हणाली, "पप्पा, उधारी बुडाली तरी खातं वहीत राहतंच ना?" ते हसले. आपल्या मुलीने केलेला युक्तिवाद आपलाच असल्याचे त्यांच्या लक्षात आले असावे.

रोजचा दिवस ठरून गेला होता. सकाळी सहाला भाभींच्या हातचा डबा, घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला जाणारी जीप, उतरल्यावर तीन-चार किलोमीटर पायी. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे, म्हणून शेवटचे घर पाचच्या आत उरकावे लागे. न जमल्यास ती तशीच रात्र काढी. वाडीतल्या बायका भाकरी पुढे करीत, ती कोरा चहा घेई. हळूहळू त्या विचारू लागल्या, तुमच्यात कांदा का चालत नाही? तीही विचारू लागली, तुमच्यात पोर पहिल्यांदा खाचरात केव्हा उतरते? प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता.

काही अभ्यास एकदाच भेट देऊन संपतात, काही मुलांचा वर्षानुवर्षे माग काढतात. दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणा या भागांत सुमारे १४,००० मुलांचा चार वर्षांच्या वयापासून आठपर्यंत असा पाठपुरावा केला. मुले आधी अंगणवाडीत, मग पहिलीत, मग दुसरीत अशी सरळ जात असतील, हा समज त्यातून मोडला. कितीतरी मुले शाळेतून पुन्हा अंगणवाडीत, तेथून पुन्हा शाळेत अशी ये-जा करताना आढळली. २०१९ च्या असर अहवालात पाच वर्षांच्या मुलांपैकी २१.६ टक्के पहिलीत बसलेली निघाली, म्हणजे पेलवेल त्याआधीच पाटी हातात आलेली. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो व्यापारी घरांनी सावकाश वाचावा: चार-पाच वर्षांच्या मुलींपैकी ५६.८ टक्के सरकारी संस्थेत होत्या, मुलग्यांपैकी ५०.४ टक्के. फी भरायची वेळ आली, की मुलगा आधी.

घोटीच्या मुलीचा अभ्यासही पाठपुराव्याचा होता. वर्षभराने ती त्याच वाड्यांत परत गेली. मानधन पूर्वीइतकेच होते. घरून या वेळी कोणी काही विचारले नाही. वडिलांनी पावसाळी बूट मात्र नवे आणून ठेवले होते, आणि ते मापाला बरोबर होते.

इरले म्हणणारी मुलगी आता पदराआड नव्हती. दारात उभी होती, अंगात शाळेचा गणवेश, दोन मापे मोठा. आई कौतुकाने म्हणाली, पहिलीत घातली. वय विचारले तेव्हा ती जरा थांबली. "सहा लिव्हा ना ताई. शाळंत सहाच सांगितलंय." शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून होती, जशी ती गावोगावच्या कितीतरी दाखल्यांवर असते. गेल्या वर्षीच्या नोंदीत मात्र अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या कार्डावरून काढलेले वय होते, आणि आईनेच तेव्हा सांगितले होते, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली ही, बैलांचे रंग धुतले नव्हते अजून.

सर्वेक्षिकेने ते कार्ड पुन्हा मागितले. आईने पत्र्याच्या पेटीतून काढून दिले. शाळेला हे कळणार नाही ना, असे तिने विचारले. नाव कोठेही जाणार नाही, असे तिला सांगण्यात आले. मुलगी तोवर चित्रांची पिशवी स्वतःच उघडून बसली होती. सर्वेक्षिकेने इयत्तेच्या चौकोनात ‘पहिली’ लिहिले आणि वयाच्या चौकोनात पाच.